गौरीच्या गोळ्या आणि डावा पाय

मला विमानाची भीती वाटत नाही. किळस येते. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणावर लिहिणारी माणसं शेवटी सगळ्यांना माफ करून हात जोडून उभी राहतात. हॉस्पिटलात पडल्या पडल्या मला एका मैत्रिणीने असंच एक पुस्तक आणून दिलं होतं. त्यातल्या बाई म्हणत होत्या, आजाराने मला जगायला शिकवलं. मला जगायला येत होतं. आजाराने मला पोटात इंजेक्शन घ्यायला शिकवलं, एवढंच.

तरी लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या पुष्कळ असणार. दर आठवड्याला विमानाने हिंडायचं, पाय सुजले की शीण म्हणायचं, आणि सण जवळ आला की एक बारीकशी गोळी गिळून मोकळं व्हायचं. त्यांच्यातल्या एकीने जरी हे वाचून आपल्या पायाकडे नीट बघितलं तरी खूप झालं.

आकाशाला गवसणी

मी घणसोली गावात राहते. टॉवरमध्ये नाही, गावात. सासऱ्यांनी बांधलेलं तीन मजली घर आहे. खाली भाडेकरू, मधे सासूबाई, वर आम्ही तिघं: मी, नवरा निलेश आणि मुलगी ऋचा. सासूबाईंना मी आईच म्हणते. नोकरी जवळच्याच पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत. औषधाच्या गोळ्या स्ट्रिपमध्ये बंद करणारी मशीन आम्ही बनवतो. मशीन गेली की तिच्या मागोमाग मी जायचं, ती बसवायची, चालवून दाखवायची, तिथल्या लोकांना शिकवायचं आणि परत यायचं. औषधांचे कारखाने हिमाचलात आहेत, सिक्कीममध्ये आहेत, इंदूरजवळ आहेत, हैदराबादेत आहेत. म्हणजे माझं सासर घणसोलीत आणि संसार विमानात.

पहिल्या वर्षी हौस होती, खोटं कशाला बोलू. आमच्या आळीत विमानाने नोकरीला जाणारी मी पहिली बाई. निलेशच्या मित्रमंडळाने नाक्यावर माझा फोटो लावून बॅनर ठोकला होता, 'आकाशाला गवसणी घालणारी गावची सून'. खाली मंडळातल्या सगळ्यांचे फोटो, माझ्यापेक्षा मोठे. आई रोज भाजीला जाताना त्या बॅनरखालून उगीचच हळू चालायच्या.

मग उलव्याला नवा विमानतळ सुरू झाला आणि माझं वाटोळं झालं. आधी मुंबईच्या विमानतळावर जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, म्हणून साहेब निदान मुक्काम तरी मंजूर करायचे. आता म्हणायला लागले, "मॅडम, विमानतळ तुमच्या दारात आलाय. सकाळी जा, संध्याकाळी घरी. घरच्यांनाही बरं." घरच्यांना बरं, कंपनीला बरं, ज्यांना मशीन विकली त्यांनाही बरं. मी पहाटेचं विमान पकडायची, दिवसभर कारखान्यात उभी, संध्याकाळच्या विमानात पुन्हा बसलेली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

लोकांना वाटतं विमानात बसणं म्हणजे आराम. मला आठवतो तो वास. दुसऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा, बुटातून काढलेल्या पायांचा, आणि कपात गरम पाणी ओतून फुगवलेल्या उपम्याचा. तो उपमा कुणी उघडला की मला मळमळून यायचं. विमान जमिनीला टेकलं रे टेकलं की सगळे उभे राहतात, दार उघडायला अजून वेळ असतो, आणि कुणाचं तरी पोट आपल्या तोंडासमोर येऊन थांबतं. फोनवर मोठ्याने, "हां, लँड झालो." अरे, झालास तर झालास.

मी पाणी प्यायची नाही. हे माझ्या माहेरचं शिक्षण आहे. माझी आई मासळी बाजारात बसायची. बाजारात बायकांना जायला जागा नसायची, म्हणून सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत ती घोटभरही पाणी घेत नसे, आणि आम्हा बहिणींनाही तेच सांगायची, घरातून निघालं की तोंड बंद. बाजारात ते खपून गेलं. मी तेच विमानात घेऊन गेले. खिडकीची सीट घ्यायची, दोन पुरुषांच्या गुडघ्यांवरून जायला नको म्हणून उठायचं नाही, उठायला नको म्हणून प्यायचं नाही. घरी यायची तेव्हा ओठांची सालं निघालेली असायची.

आणि चिडचिड. ऋचाने शाळेतलं काही सांगायला सुरुवात केली की मी म्हणायची, "थोडक्यात सांग." एकदा ती म्हणाली, "मम्मी, तू घरी पण गेटवर उभी असल्यासारखीच असतेस." मी तिला ओरडले. ती खरं बोलली होती म्हणूनच ओरडले.

गौरीच्या गोळ्या

आता मुख्य गोष्ट. आमच्यात गौर मोठी. गणपती पुरुषांचा, त्यांचे पत्ते आणि भजन, पण गौर बायकांची. तळ्याकाठून तेरड्याची रोपं आणायची, तिला साडी नेसवायची, दागिने घालायचे, दुसऱ्या दिवशी तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्य. थोरल्या सुनेने गौर आणायची असते. थोरली सून मी. आणि त्या दिवसांत सुनेची पाळी आली तर तिने आतल्या खोलीत बसायचं, शिवायचं नाही, आणि आल्यागेल्या प्रत्येक बाईने विचारायचं, "सून कुठं दिसत नाय?" म्हणजे सगळ्या गावाला कळतं.

म्हणून गोळी. पाळी पुढे ढकलायची. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात ती असते. आई श्रावण संपता संपता मेडिकलमधून दोन-तीन स्ट्रिपा आणून ठेवायच्या, खोबऱ्याच्या डब्याशेजारी. चिठ्ठी लागत नाही, मेडिकलवालाच विचारतो, "गौरीच्या ना?" कुणाची स्ट्रिप उरली तर शेजारणीला देतात, जशी कोथिंबीर देतात तशी. घरात कुणाला ते औषध वाटतच नाही. औषध म्हणजे ताप आल्यावर घेतात ते.

मीही लग्न झाल्यापासून घेत आले. एका वर्षी मी कुरकुर केली तर निलेश म्हणाला, "अगं घेऊन टाक ना, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." दोन दिवसांचा प्रश्न असतो, पण गोळी त्याच्या कितीतरी आधीपासून घ्यावी लागते, आणि नंतरचं डोकं दुखणं, अंग फुगणं हे बायकोच्या वाट्याला. त्याला ते माहीत नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझी तारीख नेमकी गौरीतच येत होती. मी गोळ्या चालू केल्या आणि त्याच दिवसांत साहेबांनी गुवाहाटी लावली, मग इंदूर, मग हैदराबाद. गणपतीची सुट्टी पाहिजे ना, मग आधी कामं उरका. मी गोळी गिळायची, विमानात बसायची, पाणी प्यायची नाही. गोळ्यांच्या मशीनजवळ उभं राहून मी लोकांना शिकवत होते की स्ट्रिपवरची बारीक अक्षरं नीट छापली गेली आहेत की नाही हे कसं तपासायचं. माझ्या पर्समधल्या स्ट्रिपवरची अक्षरं मी कधी वाचली नाहीत.

शीण

हैदराबादहून आले त्या दिवशी डावी चप्पल पायात जाईना. पोटरी दगडासारखी झाली होती आणि हात लावला तर गरम. म्हण आहे, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं. माझं मुंगीच्या पावलाने आलं. निलेश म्हणाला, प्रवासाचा शीण. मीही म्हणाले शीण. आई म्हणाल्या, "कवरा सुजलाय बग पाय. शीन हाय तो. बस इथं, तेल लावते."

आई दोन दिवस माझा पाय मांडीवर घेऊन, कापूर घातलेलं कोमट तेल लावून, खालून वर जोर लावून चोळत होत्या. दमायच्या, घाम पुसायच्या, पुन्हा चोळायच्या. मला बरंही वाटायचं. नंतर डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. सुजून गरम झालेला पाय कधी चोळायचा नसतो. आत गुठळी असेल तर ती सुटून वर जाते. हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गावात विचारलं असतं तरी सगळ्यांनी चोळायलाच सांगितलं असतं.

गौर आली, मी आणली, लंगडत आणली. सगळ्यांनी कौतुक केलं, एवढी नोकरी करून सून सगळं करते. गौर गेली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला चंदीगडला जायचं होतं.

गेट

विमानतळावर सिक्युरिटीतून बाहेर पडून चालायला लागले आणि चार पावलांत धाप लागली. मला वाटलं, गौरीचं मटण बाधलं. पुढे गेले. छातीत उजवीकडे सुरी खुपसल्यासारखं, श्वास अर्ध्यातच अडायचा. गेटवर रांग लागली होती. मी रांगेत उभी राहिले. आज आठवलं की मला स्वतःची शिसारी येते. श्वास येत नव्हता आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं, तर तिकीट वाया जाईल.

मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, आगे बढो ना." मी पुढे सरकले आणि तिथेच खाली बसले. फरशी गार होती. लोक माझ्या बाजूने रांग वळवून गेले. त्यातल्या एकाची ट्रॉली माझ्या हातावरून गेली, त्याने सॉरी म्हटलं आणि तो गेला. गेटवरची मुलगी मात्र धावत आली, माझी मान धरून बसली आणि तिने व्हीलचेअर मागवली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत निलेश आला होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की आपण मरू शकतो. त्याआधी ते सुचलं नव्हतं.

कुठल्या गोळ्या?

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होत्या, केस वर बांधलेल्या, झोप न झालेल्या. त्यांनी पाय बघितला आणि त्यांचं बोलणंच बदललं. विचारलं, "प्रवास किती करता?" सांगितलं. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कुठल्याच नाहीत," मी म्हणाले.

"नक्की? हार्मोनच्या, कुटुंबनियोजनाच्या?"

"नाही."

निलेशही म्हणाला, नाही. आम्ही खोटं बोलत नव्हतो. आम्हाला खरंच आठवलं नाही. मग मला फोटो काढायच्या त्या मोठ्या गोल मशीनमध्ये ढकललं, आणि थोड्या वेळाने त्याच डॉक्टर येऊन म्हणाल्या की पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली आहे, आयसीयूत ठेवावं लागेल. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून धीर येत नाही. वेळेवर आलो नसतो तर, एवढंच डोक्यात राहतं.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत भेटायच्या वेळी आई आल्या. प्लॅस्टिकची टोपी, प्लॅस्टिकचा झगा, आत नऊवारी. डॉक्टर पुन्हा तेच विचारत होत्या, कारण त्यांना पटत नव्हतं की नुसत्या विमानाने एवढं झालं. "बघा, आठवा. कुठलीही गोळी. आयुर्वेदिक, काहीही."

आई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाय, गौरीच्या गोळ्या मोजायच्या काय?"

डॉक्टरांनी विचारलं, त्या कुठल्या. आईंनी अगदी हौसेने सांगितलं, उपयोगी पडतंय म्हणून. कशा आणतात, कधीपासून देतात, यंदा किती दिल्या. डॉक्टर लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, त्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. त्यात ह्या सतत विमानात बसून. पाणी न पिता."

आईंनी टोपी सरळ केली. मग वेळ संपायच्या आधीच बाहेर गेल्या.

रक्त

आयसीयूबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पिवळा उजेड, यंत्रांची टिकटिक आणि बेडपॅन. बेडपॅनवर बसल्यावर माणसाची जी काही आकाशाला गवसणी असते ती बरोबर जागेवर येते.

गोळ्या बंद झाल्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडवून ठेवलेली पाळी आली. वर रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू. म्हणजे जे रक्त गोठलं म्हणून मी तिथे पडले होते तेच आता थांबेना. चादरी, गाऊन, सगळं. देवाला विटाळ होऊ नये म्हणून जे थोपवलं होतं ते असं सगळ्यांसमोर, अनोळखी पुरुष वॉर्डबॉयसमोर आलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. शरमेने नाही, संतापाने.

एक केरळची सिस्टर होती. तिने पडदा ओढला, कोमट पाण्याने मला पुसलं, कोरडं नेसवलं आणि म्हणाली, "दीदी, ये तो अच्छा है. बॉडी अपना काम कर रहा है." तिच्या तोंडावर किळस नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या पाळीबद्दल कुणी चांगला शब्द बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही मोडक्या हिंदीत.

वॉर्डात आणल्यावर साहेब भेटायला आले. पुष्पगुच्छ घेऊन आले, सिस्टरने तो बाहेरच ठेवायला लावला. म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका, आम्ही सांभाळतो." मग मोबाइल काढून म्हणाले, "फक्त त्या चंदीगडच्या मशीनचा पासवर्ड तुमच्याकडेच आहे ना?" मी पासवर्ड सांगितला. नाकात ऑक्सिजनची नळी होती, त्यामुळे दोनदा सांगावा लागला.

घरी

घरी आल्यावर खरी कटकट सुरू झाली. निलेशला कुणावर तरी चिडायचं होतं, त्याने आईला धरलं. जेवायला बसलो की, "तूच दिल्यास गोळ्या. तूच चोळलास पाय." आई मान खाली घालून भात कालवायच्या. पहिले काही दिवस मला ते ऐकून बरं वाटलं. मग एक दिवस मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "घेऊन टाक, दोन दिवसांचा प्रश्न, हे कोण म्हणालं होतं?" तो उठून गॅलरीत गेला. त्यानंतर त्याने आईंना टोचून बोलणं बंद केलं, आणि काही दिवस माझ्याशी बोलणंही.

आईंनी माफी मागितली नाही. आमच्यात सासवा माफी मागत नाहीत. फक्त माझ्या खोलीत यायच्या बंद झाल्या. वर चढून यायच्या, जिन्यात थांबायच्या आणि ऋचाच्या हातून पेज पाठवायच्या. मला त्यांचा राग होता. खूप होता. आणि त्या रागात मला त्यांचे ते घाम पुसत पाय चोळणारे हातही आठवायचे, त्यामुळे नीट रागावताही येईना. ह्याचाही मला वैताग यायचा.

भेटायला येणाऱ्या बायका मात्र अफलातून. एक म्हणाली, नजर लागली, तो बॅनर लावला तेव्हाच मी म्हटलं होतं. दुसरी म्हणाली, मी तर दरवर्षी घेते, मला कुठं काय झालं? तिला मी दार दाखवलं.

पुन्हा विमान

काही महिन्यांनी डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली, अटी घालून. वाटेकडेची सीट. मांडीपर्यंत घट्ट मोजा. पाणी प्यायचं, सारखं उठून चालायचं, बसल्या बसल्या पावलं हलवायची. आणि एकाच दिवसात जाऊन येणं बंद. हे शेवटचं मी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं, कारण तोंडी सांगितलं तर साहेबांच्या कानात शिरत नाही.

साहेब कागद वाचून म्हणाले, "पण मग तुम्ही महिन्यातून एक-दोनदाच जाऊ शकाल."

"हो," मी म्हणाले.

"आणि बाकीच्या साइट्स?"

ह्याआधी असा प्रश्न आला की उत्तर मीच द्यायची, मी बघते सर. त्या दिवशी नाही दिलं. शेवटी बाकीच्या जागा एका नव्या इंजिनियरला मिळाल्या आणि मला पावण्यातच फोनवरून मदत करायचं काम. हुद्दा तोच, पण पगारवाढीच्या वेळी माझं नाव खाली गेलं. तो नवा मुलगा परवा हसत हसत सांगत होता, मॅडम, माझे पण पाय सुजतात. मी त्याला पँट वर करायला लावली आणि दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या. सगळं ऑफिस बघत होतं. बघू दे.

पहिल्यांदा परत विमानात बसले. तो उपम्याचा वास आला आणि वाटलं, उतरावं. मग मी बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्याले. पुन्हा पुन्हा उठले, मागपर्यंत गेले, परत आले. शेजारचा गृहस्थ कपाळाला आठ्या घालत होता. मी त्याला सांगितलं, "मला उठावं लागतं, तुम्हाला बघायचं नसेल तर डोळे मिटा." एवढं उद्धट मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. इंदूरला उतरेपर्यंत मला एकदम हलकं वाटत होतं.

थकवा गेला का, असं विचारतात. नाही गेला. पाय संध्याकाळी अजून जड होतो. पण आता थकले की मी थकले म्हणते आणि निजते. शीण हा शब्द आमच्या घरात मी बंद केलाय. काय होतंय ते सांगायचं, दुखतंय की सुजलंय की धाप लागतेय.

ह्या वर्षीची गौर

ऋचाला उन्हाळ्यात पहिल्यांदा पाळी आली. श्रावणात एक दिवस मी पायऱ्या चढत होते तेव्हा आईंचा आवाज ऐकला. ऋचाला हळूच विचारत होत्या, "बाय, तुजी तारीख कंदी हाय?"

मी स्वयंपाकघरात जाऊन खोबऱ्याच्या डब्याशेजारचं सगळं खाली काढलं. स्ट्रिप नव्हती. पण आज नाही म्हणजे उद्या नाही असं थोडंच आहे, मेडिकल तर कोपऱ्यावर आहे. ऋचाला मी सांगितलं, आजीने, आत्याने, कुणीही काही दिलं तरी गिळायचं नाही. ती म्हणाली, "पण मग मी गौरीत कुठे बसू?" आतल्या खोलीत बस, असं मी तिला सांगणार होते का? आणि पुढच्या वर्षी तीच कंटाळून गोळी मागेल, तेव्हा?

गौरीच्या दिवशी सकाळी मला पाळी आली. मी कुणाला सांगितलं नाही. आंघोळ केली, साडी नेसले, आणि अनवाणी जायचं असतं म्हणून मोजाही काढून ठेवला. तळ्याकाठी बायकांबरोबर गेले, तेरड्याची रोपं सुपात घेतली. गौर आणताना बोलायचं नसतं, म्हणून सगळ्या मुक्याने चालत होतो. ऋचा थाळी वाजवत माझ्या शेजारून.

आमच्या दारात आई तांब्या घेऊन बसल्या होत्या. गौर आणणारीचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, मग ती आत. मी उंबऱ्याशी उभी राहिले. त्या वाकल्या.

"आई, मला पाळी आलीय," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मुद्दामच. थाळी थांबली.

मागे कुणीतरी "अगो बाय" म्हणालं. दोघीजणी तिथूनच आपल्या घराकडे वळल्या, त्या दिवसभर पुन्हा आल्या नाहीत. आई वाकलेल्याच होत्या. मला त्यांचा अंबाडा दिसत होता, तोंड दिसत नव्हतं. सूप जड झालं होतं आणि पाय ठणकायला लागला होता, पण मी ठरवलं होतं की मागे वळायचं नाही. ह्या दारातून ऋचाच्या देखत आत जायचं, नाहीतर गौर माझ्याबरोबर बाहेर उभी राहील.

आईंनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, ऋचाकडे. मग तांब्या कलता केला.

"उबी काय ऱ्हायलीस? गौर बाहेर हाय," त्या म्हणाल्या. "पाय पुडं कर."

मी उजवा पाय पुढे केला. त्यांनी तो धुतला, कुंकवाचं बोट लावलं. मग डावा केला. तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि धुतला नाही, नुसता धरून ठेवला. अंगठ्याने घोट्याच्या वर हलकेच दाबून बघितलं, खळगा पडतो का ते. हे डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. त्यांनी जिन्यातून कधी बघून ठेवलं कुणास ठाऊक.

"मोजा कनाला काडलास?" त्या एकदम चिडून म्हणाल्या. "येवरं चाललीस त्याशिवाय? ऋचा, आदी वर जा. आईचा मोजा आन."

ऋचा थाळी खाली ठेवून धावत वर गेली. ती येईपर्यंत आम्ही तशाच थांबलो, गौर सुपात, मी उंबऱ्यावर आणि माझा पाय त्यांच्या मांडीवर.